आवक खिडकीवरचा तारखेचा शिक्का

मित्रांनो, माझा चेहरा तुम्हाला आरशाशिवाय वाचता यायचा नाही. त्यावरचे एकूण एक अक्षर उलटे आहे. मी उलटा आहे म्हणून कागदावर सुलटे उमटते, आणि एवढ्या एका गुणावर मी एकतीस वर्षे नगरपालिकेत नोकरी केली.

मी आवक खिडकीवरचा तारखेचा शिक्का. लोखंडी सांगाडा, वर लाकडी मूठ, खाली रबराची गोल चौकट. चौकटीत 'नगरपालिका' आणि 'आवक' हे दोन शब्द, आणि मधोमध तीन अरुंद पट्ट्या: दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची. बाजूच्या दातेरी चाकावर बोट फिरवले की पट्टी एक घर पुढे सरकते.

बाजारपेठेतल्या एका शिक्केवाल्याने मला घडवले. त्याचा चष्मा जाड होता आणि नजर अधू झाली होती, म्हणून त्याची लेक आरसा धरून प्रत्येक शिक्का तपासायची. पहिल्या खेपेस माझ्यावर 'आवक'च्या जागी चुकून 'अवाक' कोरले गेले. लेक म्हणाली, "बाबा, हा शिक्का मारला तर सगळं कार्यालय अवाक होईल." बाप खूप हसला. मग त्याने ते रबर काढून टाकले आणि रात्रीच्या जेवणाआधी नवे कोरून बसवले. माझ्या जन्माची ही अशी गंमत आहे.

आवक म्हणजे बाहेरून आत येणारे कागद. शहरातल्या कोणाला नगरपालिकेला काही सांगायचे असेल तर तो दोन प्रती घेऊन खिडकी क्रमांक एकवर यायचा. कारकून दोन्हींवर ठसा मारायचा, वहीत नोंद करून क्रमांक घालायचा, एक प्रत आत पाठवायचा आणि दुसरी माणसाच्या हातात परत द्यायचा. त्या दुसऱ्या प्रतीला पोच म्हणतात. दिसायला साधा कागद, पण पोच हातात असली की नगरपालिकेला 'तुमचा अर्ज आलाच नाही' असे म्हणता येत नाही.

माझे पहिले कारकून ही गोष्ट प्रत्येकाला सांगायचे. "पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका," हे वाक्य ते दिवसातून शंभरदा म्हणत, म्हणून गावाने त्यांचे नाव पोचकाका ठेवले. त्यांच्या हाताखाली मी शहर शिकलो. कोपऱ्यावरचा दिवा तीन आठवडे बंद आहे. गटार तुंबले आहे. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आमच्या खिडकीत शिरली आहे. मुलीच्या जन्मनोंदीत आईचे नाव चुकले आहे. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला अर्ज करत की नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचे घड्याळ सात मिनिटे मागे आहे. चार वर्षांनी ते घड्याळ दुरुस्त झाले. तेव्हा मास्तर आभाराचे पत्र घेऊन आले, आणि त्याचीही पोच मागून घेऊन गेले.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. माझ्याकडून एकदा चूक झाली आहे. आठव्या वर्षी माझी कमान, म्हणजे पट्टी दाबून धरणारी स्प्रिंग, सैल पडली आणि दिवसाची पट्टी ठसा मारता मारता घसरली. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अर्जावर चुकीचा दिवस उमटला आणि त्यांना तीन हेलपाटे पडले. पोचकाकांना कळले तेव्हा ते स्वतः त्यांच्या घरी गेले, माफी मागितली, दुरुस्त पोच देऊन आले. त्याच आठवड्यात मला शिक्केवाल्याकडे नेऊन नवी, घट्ट कमान बसवली. तेव्हापासून माझी पट्टी बोटाने रेटल्याशिवाय हललेली नाही.

पोचकाका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. सडपातळ, कमी बोलणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. सगळे त्यांना खिडकीताई म्हणू लागले. ताईंची शिस्त ठरलेली होती. सकाळी आल्यावर पहिले काम म्हणजे मला फडक्याने पुसायचे, पट्टी एक घर पुढे करायची आणि एका कोऱ्या चिठोऱ्यावर ठसा मारून बघायचा. मगच खिडकी उघडायची. संध्याकाळी त्यांचे यजमान त्यांना न्यायला येत. ते शहर बसचे चालक होते. पाळी संपली की दिवाणखान्यासारख्या लांबलचक दालनात, बाकावर, टोपी मांडीवर ठेवून ताईंची वाट बघत बसत. त्यांना बसलेल्या जागी डुलकी लागायची, आणि खिडकीची झडप खाली आल्याचा आवाज झाला की ते आपसूक उठत.

अशी बारा वर्षे गेली. मग पुलाचे प्रकरण आले.

शहराच्या मधून एक कालवा जातो. त्यावर माणसांपुरता एक अरुंद पूल आहे. अलीकडे रंगाऱ्यांची वस्ती, पलीकडे दवाखाना आणि शाळा. नगरपालिकेने ठरवले की पूल जुना झाला आहे, तो पाडावा आणि लोकांनी मैलभर लांबच्या मोठ्या पुलावरून जावे. तशी सूचना लागली. कोणाची हरकत असेल तर त्याने पंधरा तारखेच्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत लेखी द्यावी, म्हणजे नगरपालिका सुनावणी घेईल. हरकत आली नाही तर सोळा तारखेपासून काम सुरू.

मी पूल कधी पाहिला नाही. माझी नोकरी टेबलावरची. पण त्या पुलासाठी कोण कंबर कसून उभे राहिले ते मी पाहिले. ती वस्तीतली सुईण होती. साठी उलटलेली, पायाने किंचित लंगडणारी, आवाजाने मात्र खणखणीत. तिला सगळे दाईमावशी म्हणत. तिचे म्हणणे साधे होते. बाळंतीण अडली तर पुलावरून दवाखाना सहा मिनिटांवर आहे, आणि मोठ्या पुलावरून पाऊण तासावर. हे सहा मिनिटांचे गणित तिने दारोदार जाऊन सांगितले आणि तीनशे बारा सह्या गोळा केल्या.

पंधरा तारखेला खिडकीवर ही गर्दी होती. दुकानांचे परवाने नव्याने करून घ्यायचाही तो शेवटचा दिवस होता. दाईमावशी सव्वापाचला रांगेतून खिडकीपर्यंत पोहोचली. ताईंनी सह्यांचे गठ्ठे मोजले, वरच्या पानावर मला टेकवले, दाबले. दुसऱ्या प्रतीवर दाबले. पंधरा तारीख स्वच्छ उमटली. क्रमांक आठशे सत्तेचाळीस.

"पोच जपून ठेवा, मावशी," ताई म्हणाल्या.

दाईमावशीने पोच चार घड्या करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि ती गेली. तिच्यामागे आणखी नऊ जण होते. सगळ्यांचे आटोपून साडेपाचला झडप खाली आली.

दुसऱ्या दिवशी, सोळा तारखेला, सकाळी ताईंनी मला पुसले, पट्टी सोळावर आणली. इतक्यात हेडक्लार्कसाहेब खिडकीच्या आतल्या बाजूने आले. हे गृहस्थ तसे वाईट नव्हते. पंचवीस वर्षे खालच्यांची रजा आणि वरच्यांचा राग सांभाळून त्यांचे खांदे पुढे झुकले होते. त्या दिवशी त्यांच्या हातात आठशे सत्तेचाळीस क्रमांकाचा गठ्ठा होता. ते खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. सुनावणी म्हणजे तीन-चार महिने गेले. ठेकेदाराची माणसे येऊन बसली आहेत. वरून सारखी विचारणा होते आहे. हरकत एक दिवस उशिरा आली असती तर कोणालाच त्रास नव्हता.

"वरचं पान बदला," ते म्हणाले. "नवीन पानावर आजचा ठसा मारा. एक दिवसाचा तर प्रश्न आहे, बाई."

मित्रांनो, मला तर फिरवायचीही गरज नव्हती. मी सोळावरच उभा होतो. नुसते दाबायचे होते.

ताईंनी मला मुठीत घेतले आणि मूठ मांडीवर ठेवली. त्यांच्या तळहाताला घाम आला होता. तो माझ्या लाकडाला लागला. पण आवाज नेहमीचाच होता.

"आजची तारीख आज आलेल्या कागदाला, साहेब. हा काल आलाय."

हेडक्लार्कसाहेबांनी समजावून पाहिले. मग बदलीची आठवण करून दिली. तळघरातल्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुने कागद ठेवायच्या खोलीत, माणूस कमी आहे, असे ते सहज बोलल्यासारखे बोलले. ताईंनी मूठ मांडीवरून उचलली नाही. शेवटी साहेबांनी हात पुढे करून शिक्का मागितला. शिक्का नगरपालिकेचा, ताईंच्या मालकीचा नव्हता. त्यांनी मला टेबलावर ठेवले, पण हातात दिले नाही. साहेबांनी मला उचलले आणि नव्या पानावर दाबले.

आजवर मी लाखो ठसे उमटवले असतील. त्यातला हा एकच मला परत घ्यावासा वाटला. पण शिक्क्याला हात नसतात. कोणाच्या मुठीत जायचे ते त्याला ठरवता येत नाही.

साहेब गठ्ठा आणि आवक वही दोन्ही घेऊन गेले. वही बांधणीला पाठवायची आहे, असे सांगितले. ताईंनी एक क्षणही न दवडता कोरा कागद ओढला. आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, काल आलेल्या कागदावर, माझ्या समोर, माझ्या इच्छेविरुद्ध कोणी ठसा मारला, हे त्यांनी सात ओळींत लिहिले. खाली सही केली. दोन प्रती केल्या. मग खिडकीच्या आतून उठून, वळसा घालून, त्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभ्या राहिल्या. पुढे दोन माणसे होती. ती दोघे गोंधळून बघत राहिली, कारण आत कोणीच नव्हते. ताई परत आत आल्या, आधी त्या दोघांची कामे केली, आणि आपला नंबर आला तसा आपला अर्ज आपणच घेतला, मला आपणच दाबले आणि स्वतःची पोच स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. रांगेतल्या एकाने नंतर बाहेर सांगितले की खिडकीवरच्या बाईंचे डोके फिरले आहे. डोके अजिबात फिरले नव्हते. नियमाने जायचे म्हणजे रांगेतूनच जायचे, इतका सरळ हिशोब होता.

त्या संध्याकाळी चालकदादा बाकावरून उठले तेव्हा ताईंचा चेहरा पाहूनच त्यांना काहीतरी बिनसल्याचे कळले. ताईंनी थोडक्यात सांगितले. तळघरात बदली होईल, हेही सांगितले. दादांनी टोपी डोक्यावर चढवली आणि थोडा विचार केला.

"तळघराचं दार मागच्या रस्त्याला उघडतं," ते म्हणाले. "माझी बस तिथूनच वळते. चांगलंच झालं की."

ताई त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या.

चार दिवसांनी दाईमावशी खिडकीवर आली. तिच्या हातात नगरपालिकेचे पत्र होते. तुमची हरकत सोळा तारखेला, मुदतीनंतर आली, सबब ती विचारात घेता येत नाही. आणि तुमच्या पोचेवर पंधरा तारीख दिसत असेल तर तो जुन्या शिक्क्याचा दोष आहे, त्याची पट्टी घसरते. असे माझ्याबद्दल लिहिले होते.

खरे सांगतो, ते ऐकून मला रागापेक्षा भीती अधिक वाटली. एकदा घसरलो होतोच की मी. ही गोष्ट निघाली तर माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

दाईमावशी भांडायच्या तयारीने आली होती. ताईंनी तिला भांडू दिले नाही. इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारले, "मावशी, पोच आहे ना?"

"उशाखाली ठेवून झोपते."

"तुमचा नंबर आठशे सत्तेचाळीस. त्या दिवशी तुमच्या पुढे कोण होतं आणि मागे कोण होतं, आठवतं का?"

मावशीला पहिल्यांदा उमगले नाही. ताईंनी समजावून सांगितले. पोचेवर तारीख असते तसा क्रमांकही असतो, आणि क्रमांक ओळीने पडतात. मावशी सोळा तारखेला आली असेल, तर तिच्या नंतरचा क्रमांक पंधरा तारखेचा असूच शकत नाही. वही साहेबांकडे आहे. पण पोचा लोकांकडे आहेत. त्या कोणी बांधणीला नेलेल्या नाहीत.

दाईमावशीने डोळे मिटले. रांग डोळ्यांसमोर आणली असावी. "पुढं तो सायकलवाला होता, दिव्याचा अर्ज घेऊन. मागं एक पोरगी, कडेवर लेकरू. त्या लेकराला तर मीच जगात आणलंय."

मग ती जी निघाली ती निघालीच. पुढच्या गोष्टी मला ती अधूनमधून खिडकीवर येऊन ताईंना सांगे त्यातून कळल्या. कडेवर लेकरू असलेली पोरगी लगेच सापडली, पण तिची पोच सापडेना. शेवटी ती फडताळात बरण्यांच्या खाली अंथरलेली निघाली. लेकराने एक कोपरा चावून खाल्ला होता. क्रमांक आठशे अठ्ठेचाळीस आणि तारीख मात्र शाबूत होती. सायकल दुरुस्त करणारा गृहस्थ काही केल्या तयार होईना. त्याच्या दुकानाचा परवाना अजून नगरपालिकेत अडकला होता. उगाच कशाला विस्तवात हात घाला, असे तो म्हणे. मावशी तीनदा गेली. तिसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही. दुकानासमोरच्या ओट्यावर लंगडा पाय पसरून बसून राहिली. येणारे-जाणारे विचारू लागले, "मावशी, इथं कशा?" ती म्हणे, "पाय दुखतोय. सहा मिनिटांच्या जागी आता पाऊण तास चालायचंय, त्याची सवय करतेय." दुपारपर्यंत सायकलवाल्याने निमूटपणे पोच काढून दिली. एवढेच नव्हे, मी स्वतः येतो, म्हणाला.

एव्हाना ताईंच्या बदलीचा आदेश निघाला होता. पण तो लागू होण्याआधी नगरपालिकेची सभा आली. दाईमावशीने नगराध्यक्षांना पत्र देऊन आपले म्हणणे सभेपुढे मांडायची परवानगी मागितली होती, आणि ती मिळाली होती. हेडक्लार्कसाहेबांनी पुरावा म्हणून मलाही सभागृहात नेऊन ठेवायला सांगितले. कमान बसवायला गेलो होतो ते सोडले, तर आयुष्यात पहिल्यांदाच मी खिडकी सोडली आणि जिना चढलो.

सभागृह मोठे होते. घोड्याच्या नालासारखे वळलेले टेबल, त्यामागे सभासद, भिंतीवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी. नगराध्यक्ष मूळचे दंतवैद्य होते. त्यांनी मला उचलले, उलटे केले आणि दिव्याखाली धरून किडकी दाढ बघावी तसे पाहिले. पट्टीला नखाने हलवून पाहिले. ती हलली नाही.

"हा कधी घसरला होता का?" त्यांनी विचारले.

हेडक्लार्कसाहेब काही बोलायच्या आत ताई उभ्या राहिल्या. मला वाटले, आता त्या नाही म्हणतील. तसे म्हणणे किती सोपे होते. पण त्या म्हणाल्या, "हो. एकदा. वीस वर्षांपूर्वी, मी यायच्या आधी. दुरुस्ती केल्याचा कागद दप्तरात आहे. त्यानंतर नाही."

सभागृहात कुजबुज झाली. मला त्या क्षणी वाटले की ताईंनी मला बुडवले. पण नगराध्यक्षांनी मान वर करून त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले. जो माणूस विचारल्यावर आपल्या विरुद्धचीही गोष्ट सांगतो, त्याचे पुढचे बोलणे लोक कान देऊन ऐकतात, हे मला तेव्हा समजले.

दाईमावशी पुढे आली. तिने भाषण केले नाही. टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले. पहिला सायकलवाल्याचा, दुसरा स्वतःचा, तिसरा चावलेला. सायकलवाला आणि ती पोरगी तिच्या मागे उभी होती. लेकरू आईच्या खांद्यावर झोपले होते.

"आठशे सेहेचाळीस, पंधरा तारीख," मावशी बोट ठेवत म्हणाली. "आठशे सत्तेचाळीस, पंधरा तारीख. आठशे अठ्ठेचाळीस, पंधरा तारीख. मी सोळाला आले असेन साहेब, तर ही पोरगी माझ्या मागं उभी राहून माझ्या आधी कशी पोचली?"

नगराध्यक्षांनी वही मागवली. ती बांधणीला गेली नव्हती, साहेबांच्या कपाटातच होती. तिच्यातही पंधरा तारखेचा शेवटचा क्रमांक आठशे छप्पन्न होता. मग ताईंनी आपली सात ओळींची पोच पर्समधून काढली आणि पुढे ठेवली. नगराध्यक्षांनी ती शेवटपर्यंत वाचली. हेडक्लार्कसाहेब खाली बघत होते. त्यांनी काही नाकारले नाही. आपल्यावर कोणाचा दबाव होता तेही सांगितले नाही. "चूक माझी आहे," एवढेच म्हणाले.

हरकत मुदतीत आली असे ठरले. सुनावणी झाली. अभियंत्याने नीट तपासले तेव्हा एक खांब आणि मधल्या फळ्या तेवढ्या बदलायच्या निघाल्या. पूल चार महिने बंद राहिला. मग एके दिवशी 'काम पूर्ण' असा अहवाल खिडकीवर आला. त्यात लिहिले होते की नव्या कठड्याला दोन दांड्या आहेत, एक मोठ्यांच्या हाताच्या उंचीला आणि एक लहान मुलांच्या. मी त्यावर ठसा उमटवला. पूल मला भेटला तो एवढाच.

तो ठसा ताईंच्या हातचा मात्र नव्हता. त्यांची बदली टळली नाही. आदेश एकदा निघाला की तो परत घ्यायला आणखी आदेश लागतात, आणि ते काढायची कोणाला घाई नव्हती. दीड वर्ष त्या तळघरात जुने कागद लावत बसल्या. माझ्या वाट्याला एक घाईचे गृहस्थ आले. ते मला हातोड्यासारखे आपटत. पुसणे ठाऊकच नव्हते. माझ्या अक्षरांत शाईचा गाळ साठला, 'आवक'मधला 'व' बुजला. कित्येकदा सकाळी तारीख बदलायची राहून जाई आणि दहा-बारा लोकांना काल मिळे. त्या दिवसांत मी मनाशी एकच धरून होतो. माझ्याकडून होईल तेवढे स्वच्छ उमटायचे. पट्टी घट्ट धरून ठेवायची.

ताई परत आल्या त्या विभागप्रमुख होऊन. तरी पहिल्या दिवशी त्यांनी टाचणी घेऊन माझे एकेक अक्षर साफ केले. तळघरात त्यांनी साठ वर्षांची दप्तरे क्रमाने लावून टाकली होती, आणि आता कोणताही जुना कागद दहा मिनिटांत मिळत होता, असे लोक सांगत. चालकदादांनी मात्र मागच्या रस्त्याचे दार बंद झाल्याबद्दल थोडी कुरकुर केली. त्यांना आता पुन्हा पुढच्या बाकावर बसावे लागणार होते, आणि तो बाक टणक होता.

हेडक्लार्कसाहेबांना पदावरून एक पायरी खाली उतरवले होते. निवृत्त झाल्यानंतर महिन्याभराने ते खिडकीवर आले, बाहेरच्या बाजूने, रांगेतून. त्यांच्या घरापुढच्या रस्त्यावर पाणी साचत होते. ताई त्या दिवशी रजेवरच्या माणसाच्या जागी बसल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखा अर्ज घेतला, ठसा मारला, क्रमांक घातला. साहेब तिथेच उभे राहिले.

"पोच," ते संकोचून म्हणाले.

"देते की," ताई म्हणाल्या. "ती घेतल्याशिवाय जाऊ नका."

पुढच्याच आठवड्यात तिथले पाणी काढले गेले, असे ऐकतो.

मित्रांनो, आता खिडकीवर यंत्र आले आहे. कागद आत घातला की तारीख, वेळ, क्रमांक सगळे आपोआप छापून येते. मी सहा महिने कप्प्यात पडून आहे. परवा माझ्याबद्दलचा कागद निघाला. वापरातून काढलेला शिक्का नुसता पडून राहू द्यायचा नाही, दोन साक्षीदारांसमोर त्याचे रबर कापून नष्ट करायचे, असा नियम आहे.

एका सभासदाने सुचवले की पुलाच्या प्रकरणातला हा शिक्का काचेच्या पेटीत ठेवावा, मुलांना दाखवता येईल. सगळ्यांना ते आवडले. मलाही आवडले, खोटे कशाला बोलू. ताईंनी नको म्हटले. त्यांनी एवढेच विचारले, "त्या पेटीची किल्ली पुढे कोणाकोणाच्या हातात जाईल, सांगता येतं का?" मग मला कापायचेच ठरले.

कप्प्यात पडल्या पडल्या मी त्यावर पुष्कळ विचार केला, आणि ताईंचे म्हणणे मला पटले. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला टाकू नका, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला नीट कापा. अक्षर न् अक्षर कापा, म्हणजे गेलेला दिवस माझ्याकडून कोणी पुन्हा वदवून घेणार नाही. जपायचेच असेल तर आपापल्या हातातला कागद जपा. त्यावरची तारीख वाचून बघा, क्रमांक बघा, आणि तुमच्या मागेपुढे रांगेत कोण उभे आहे त्याच्याकडेही एकदा वळून बघा.

उद्या सकाळी दहा वाजता ताई कात्री घेऊन येतील. मला कापल्याची नोंद एका कागदावर होईल, आणि कापण्याआधी त्याच कागदावर माझा एक ठसा घ्यावा लागतो. त्यासाठी त्या मला पुसतील आणि पट्टी उद्याच्या तारखेवर आणतील. तो शेवटचा ठसा असेल, आणि त्यावरची तारीख बरोबर असेल.